आधी वेग कमी कर

पुणे,
१२ नोव्हेंबर

प्रिय मकरंद,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पळायचा उत्साह दोन महिन्यांत ओसरला, पोटरीत गोळे येतात, नडगी दुखते. तू तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या लिहिल्या आहेस. मला मात्र त्यांचं मूळ एकच वाटतं, ते म्हणजे तुझा वेग. तू रोज ऊर फुटेस्तोवर पळतोस. पळणं अशी रोजची शिक्षा झाली की मन पहाटे सबबी शोधू लागतं. तो आळस नव्हे, म्हणून स्वतःला दूषणं देऊ नकोस.

शरीराचे सगळे भाग एका गतीने तयार होत नाहीत. दम पाच-सहा आठवड्यांत वाढतो. हाड, पोटरीला टाचेशी जोडणारी घोट्यामागची जाड शीर आणि तळव्याचा पट्टा यांना मात्र कित्येक महिने लागतात. दम वाढला की आपण अंतर आणि वेग दोन्ही वाढवतो, आणि नेमक्या त्याच सुमारास नडगी बोलायला लागते. नवे लोक पळणं सोडतात ते बहुतेक याच टप्प्यावर.

तेव्हा पुढचे चार आठवडे मंगळवार, गुरुवार आणि रविवार असे तीनच दिवस पळ. पाच मिनिटं भरभर चाल. मग दोन मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं, असं आठ वेळा. शेवटी पुन्हा पाच मिनिटं चाल. पळताना सोबत्याला सबंध वाक्य सांगता आलं पाहिजे. चार शब्दांवर धाप लागली तर वेग जास्त झाला असं समज. सुरुवातीला हा वेग इतका कमी वाटेल की लाज वाटेल, शेजारून आजोबा चालत पुढे जातील. जाऊ देत. दर आठवड्याला पळण्याची वेळ अर्ध्या मिनिटाने वाढव, चालण्याचं मिनिट तसंच ठेव. वहीत किलोमीटर लिहू नकोस, मिनिटं लिही, आणि मोबाइलवर दुसऱ्यांचे आकडे बघणं बंद कर. १९८३पासून पुण्यात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन भरते आहे, एखाद्या वर्षीची हुकली म्हणून काही बिघडत नाही.

आता गोळ्यांबद्दल. मीठ कमी पडलं म्हणून गोळा येतो असं सगळे सांगतात. पण मीठ सगळ्या रक्तातच कमी झालं असेल, तर गोळा एकट्या पोटरीतच का यावा? आणि पाय ताणल्यावर तो काही सेकंदांत सुटतो, तेवढ्यात मीठ कुठून आलं? जास्त पटणारं कारण थकव्याचं आहे. स्नायू त्याच्या तयारीपलीकडे राबला की त्याला आकसायला लावणारे संदेश वाढतात आणि सैल सोडायला लावणारे कमी पडतात. म्हणून गोळा वेगात पळताना, चढावर किंवा शेवटच्या दहा मिनिटांत येतो. आला तर तिथल्या तिथे थांब. खाली बस, गुडघा सरळ ठेव, हाताने चवडा स्वतःकडे ओढ आणि वीस-तीस सेकंद धरून ठेव. हिसका देऊ नकोस. सुटल्यावर चालत घरी ये. त्या दिवशी पुन्हा वेग घेतलास तर तो परत येणारच.

कायमचा उपाय जिन्याच्या पायरीवर आहे. चवडे पायरीच्या कडेवर, टाचा अधांतरी, एक हात कठड्याला. दोन सेकंदांत वर जा, तीन सेकंदांत खाली ये, आणि खाली येताना टाच पायरीच्या पातळीखाली उतरू दे. खरं काम या उतरण्यात होतं, आणि घाईत नेमकं तेच टाळलं जातं. पंधरा-पंधराचे तीन फेरे, एक दिवसाआड. एक फेरा गुडघे किंचित वाकवून कर, म्हणजे पोटरीच्या आतल्या स्नायूवर ताण येतो. पळताना बराचसा भार तोच उचलतो. तीन आठवड्यांनी एकेका पायावर ये.

पाण्याचं सोपं आहे. तासाच्या आत पळणं असेल तर तहानेपुरतं पाणी पुरे. उन्हाळ्यात तासाच्या वर गेलास तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ आणि अर्धं लिंबू घाल. चमचा चहाचा घे. पण बळेबळे लिटरच्या लिटर पिऊ नकोस. अति पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं आणि ते जिवावरही बेतू शकतं. पळून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालं. कुशीत चमक भरते ती बहुधा भरल्या पोटामुळे. पोह्यांनंतर दोन-तीन तास जाऊ देत. केळं मात्र पाऊण तास आधी चालतं.

वेताळ टेकडीवर जातोस ते उत्तमच, पण उतरताना दोन महिने चालतच उतर. शहर सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि टेकडीचा माथा ८००च्या आसपास. एवढ्या उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो. त्यातून बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. पळायला तळजाईच्या सपाट वाटा बऱ्या. सणस मैदानाच्या ट्रॅकवर पळालास तर वळणं सतत एकाच बाजूला येतात, म्हणून आठवड्यातून एकदाच जा. डांबरी रस्ताही कडेला उतरता असतो, तिथे रोज एकाच कडेने पळू नकोस.

बूट संध्याकाळी घे, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर वरून नवे दिसले तरी बदल.

कंटाळा आला की बूट घालून दहा मिनिटं चाल. तरीही नको वाटलं तर खुशाल परत ये. पण सकाळी उठल्या उठल्या नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त असेल आणि झोपही नीट लागत नसेल, तर तो कंटाळा नाही, थकवा आहे. मग दोन दिवस पूर्ण सुट्टी.

आता एक काम तातडीने कर. नडगीच्या आतल्या कडेवर बोटाने दाबत वरून खाली ये. वीतभर पट्ट्यात सगळीकडे थोडं थोडं दुखत असेल तर हाडावरच्या आवरणाला ताण बसला असावा, आणि वर सांगितलेल्या बेताने तो उतरेल. पण एकाच जागी, बोटाखाली मावेल एवढ्यात, तीव्र कळ आली किंवा रात्री झोपेतही ठणकलं, तर पळणं त्याच दिवशी थांबव आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. हाडाला सूक्ष्म चीर गेलेली असू शकते. पहिले दोन-तीन आठवडे ती एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. तेव्हा एक्स-रे चांगला आला म्हणून पळायला लागू नकोस, एमआरआय करावा का ते त्यांना विचार. दाबून काय आढळलं ते मला उद्याच फोन करून सांग. तोवर पळू नकोस.

काकूंना नमस्कार.

तुझा,
सुहास