‘फॅबर्जे’ हे एका माणसाचे काम नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर २०२५मध्ये लंडनच्या लिलावात रशियन राजघराण्यासाठी ईस्टरची भेट म्हणून घडवलेले ‘हिवाळी अंडे’ ही अंड्याच्या आकाराची रत्नजडित शोभेची वस्तू सुमारे २ कोटी २९ लाख पौंडांना विकली गेली. अशा लिलावांविषयी आपल्याकडे जे छापून येते त्यात किंमत असते, झार असतो आणि दरबारी जवाहिरे पीटर कार्ल फॅबर्जे असतात. ज्यांच्या हातून ती वस्तू घडली ते मात्र बहुधा नसतात. त्यांच्यापैकी अनेकांची नावे नोंदलेली आहेत, म्हणूनच ही उणीव अधिक खटकते आणि हे पत्र लिहावेसे वाटते.

फॅबर्जे सेंट पीटर्सबर्गच्या पेढीचे मालक होते. कोणती कल्पना स्वीकारायची आणि कोणती वस्तू गिऱ्हाइकासमोर ठेवायची हे ते ठरवत, आणि त्यांची पारख असामान्य होती याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु १८८५पासून राजघराण्याला जी ५० अंडी पोहोचली, ती प्रत्यक्ष घडवण्याची जबाबदारी पेढीशी बांधलेल्या उस्तादांवर असे. प्रत्येक उस्तादाची स्वतंत्र कार्यशाळा, त्याचे स्वतःचे कारागीर व शिकाऊ मुले आणि त्याच्या आद्याक्षरांचा ठसा, अशी ती व्यवस्था होती. मुख्य उस्तादांपैकी पहिले एरिक कोलिन आणि शेवटचे हेन्रिक विगस्ट्रॉम हे दोघेही फिनलंडचे. फिनलंड त्या वेळी रशियन साम्राज्याचा भाग असल्यामुळे तिथली अनेक मुले सोनारकाम शिकण्यासाठी सेंट पीटर्सबर्ग या राजधानीची वाट धरत. या दोघांच्या मधले मिखाईल पर्खिन हे ओलोनेत्स परगण्यातल्या शेतकरी घरातून आलेले. १८८६ ते १९०३ या काळात पेढीची जी अंडी सर्वाधिक गाजली, त्यांतील बहुतेक त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाली.

१८९७च्या राज्याभिषेक अंड्याचे उदाहरण घ्यावे. त्याच्या आत राणीच्या घोडागाडीची जेमतेम ९ सेंटीमीटर लांबीची सोन्याची प्रतिकृती आहे. तिची चाके फिरतात, दारे उघडतात आणि पायऱ्या खाली येतात. ही गाडी जॉर्ज स्टाइन नावाच्या तरुण कारागिराने सुमारे पंधरा महिने खपून घडवली. त्याच अंड्याचे पिवळे कवच ज्या मीनाकामाने झळकते, त्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. धातूच्या पत्र्यावर आधी यंत्राने बारीक लहरी कोरायच्या, त्यावर पारदर्शक मिन्याचा थर चढवायचा, ७०० ते ८०० अंश सेल्सिअस तापलेल्या भट्टीत तो भाजायचा, निवल्यावर पुन्हा थर आणि पुन्हा भट्टी. अखेरच्या फेरीत तडा गेला तर आधीचे सारे श्रम वाया जात. पेढीच्या अशा कामात निकोलाय पेत्रोव यांचा हात धरणारे फार थोडे होते, पण त्यांचे नाव जाणकारांच्या वर्तुळाबाहेर कोणाला ठाऊक आहे?

ज्या हिवाळी अंड्याला आज एवढी किंमत आली, त्याची कल्पना अल्मा पिल या विशीतल्या तरुणीची. ऑगस्ट होल्मस्ट्रॉम या उस्तादांची ती नात. मामा आल्बर्ट यांच्या कार्यशाळेत दागिन्यांची चित्रे नोंदवहीत उतरवून घेण्यासाठी ती लागली होती. खिडकीच्या काचेवर गोठलेल्या हिमाच्या नक्षीवरून तिला हिमकणांचे दागिने सुचले, आणि त्यातूनच १९१३चे स्फटिकाचे ते अंडे आले. पुढच्या वर्षीचे ‘मोझॅक अंडे’ही तिचेच, सासूबाईंच्या भरतकामावरून ते सुचले आणि आज ते ब्रिटिश राजसंग्रहात आहे. क्रांतीनंतर पेढी बुडाली, अल्मा १९२१मध्ये पतीसह फिनलंडला गेली आणि कुसानकोस्की गावातल्या शाळेत तिने वर्षानुवर्षे चित्रकला शिकवली. झारसाठी आपण काय केले हे तिने आपल्या विद्यार्थ्यांना कळू दिले नाही. १९७६मध्ये ती वारली. होल्मस्ट्रॉम कार्यशाळेच्या नोंदवह्या त्यानंतर, १९८०च्या दशकात उजेडात आल्या, तेव्हा कुठे तिच्या कामाचा आवाका लोकांना समजला.

इथेही एक पायरी खाली उतरून पाहायला हवे. ठसा उस्तादाचा उमटे. त्याच्या हाताखाली स्फटिक पोखरणारा, कोंदणात बारीक हिरे बसवणारा, तासन्‌तास घासून झिलई आणणारा कारागीर त्या ठशातही नव्हता. पियोत्र देर्बिशेव या उरलच्या दगडकाम करणाऱ्या तरुणाबद्दल पेढीचे मुख्य रेखाटनकार फ्रांस्वा बिर्बाउम यांनी आठवणी लिहून ठेवल्या, म्हणून पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या त्या गुणी माणसाचे नाव तरी उरले.

आपल्याकडे तर उस्तादाच्या आद्याक्षरांएवढीही सोय नाही. सोन्याच्या दागिन्यावर आता सहा अक्षरांकांचा हॉलमार्क क्रमांक असतो, त्यावरून शुद्धता पडताळता येते आणि सराफाचा माग लागतो. बिलात घडणावळ वेगळी लावलेली असते, मात्र घडवणारा कोण हे त्यात कोठेही लिहिलेले नसते. झवेरी बाजाराच्या माळ्यांवर दिवसभर मान खाली घालून काम करणाऱ्या बंगाली कारागिरांच्या कौशल्यावर मुंबईतल्या कितीतरी पेढ्यांचे नाव उभे आहे. कारागिराच्या नावाची नोंद हॉलमार्कच्याच व्यवस्थेत जोडण्याचा विचार सराफ संघटनांनी करावा, असे मला मनापासून वाटते.

आपणांस विनंती एवढीच की, फॅबर्जेविषयी यापुढे लेख किंवा छायाचित्र छापताना त्याखाली उस्तादाचे व रेखाटन करणाऱ्याचे नाव द्यावे, आणि अल्मा पिल यांच्यावर रविवारच्या पुरवणीत एखादा सविस्तर लेख जरूर यावा.

आपला,
एक वाचक, नाशिक