समासातल्या प्रत्येक ‘का?’बद्दल आभार

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

घरी पहिल्यांदा बिअर बनवणाऱ्यांसाठी आम्ही लिहिलेलं टिपण तुम्ही तपासून परत पाठवलंत. त्यात खोडलेली वाक्यं मोजकीच होती, पण समासात जागोजागी लाल शाईत एकच शब्द होता : ‘का?’ आमचा समज असा होता की नवख्याला कृती दिली की पुरे, कारणं मागाहून कळतील. पण त्याचं पातेलं आमच्याएवढं नसतं, आच वेगळी असते, खोली कधी तापलेली तर कधी गारठलेली. कृती अडते तिथे कारण माहीत असेल तरच त्याला पुढचं पाऊल सुचतं. म्हणून हे जाहीर आभार. जुनं टिपण ज्यांच्या हाती आहे, त्यांनाही दुरुस्त्या यातूनच कळतील.

पहिला घाव तुम्ही मापावर घातलात. आमचे 20 लिटर खोडून 10 केलेत. घरच्या शेगडीवर 20 लिटरला उकळी यायलाच तास जातो, निवायला त्याहून जास्त, आणि भरलेलं भांडं एकट्यानं उचलणं म्हणजे पाठीशी वैर. आता टिपणात 10 लिटरचा हिशोब आहे : फिक्या रंगाची माल्ट अर्काची (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव) पावडर 1.2 किलो, 6 टक्के अल्फा आम्ल असलेले हॉप्स (कडूपणा आणि सुगंध देणारी फुलं) 25 ग्रॅम आणि एल जातीच्या बिअरचं कोरडं यीस्ट 11 ग्रॅमच्या पाकिटातलं निम्मं. यातून सुरुवातीची घनता (पाण्याची 1.000 धरून) 1.044च्या आसपास येते, शेवटची 1.010 ते 1.012, म्हणजे अल्कोहोल साधारण सव्वाचार टक्के. धान्यापासून सुरुवात का नाही, हेही आता लिहिलं आहे. दळलेलं माल्ट 65 ते 68 अंशांवर तासभर धरून ठेवणं ही स्वतंत्र विद्या आहे. पहिल्या खेपेला यीस्ट सांभाळता आलं तरी पुष्कळ झालं. अर्क वापरण्यात कमीपणा नाही.

उकळण्याच्या भागात तुमचे ‘का?’ कमी होते, तरी नेमके होते. ‘पावडर घालताना आच बंद करा’ याच्यापुढे आता कारण आहे : ती बुडाशी बसते, करपते, आणि करपट चव पुढे कशानंही जात नाही. वाफेनं पावडरीच्या गुठळ्या होतात, म्हणून पाणी उकळायच्या आधीच, कोमट असताना, ढवळत घालायची. पातेलं निदान 15 लिटरचं हवं, कारण पहिल्या उकळीला प्रथिनांचा फेस दुधासारखा उतू जातो. दहाएक मिनिटांनी तो फाटून खाली बसतो, पण हॉप्स टाकताच पुन्हा उसळतो. झाकण ठेवायचं नाही. सुमारे 12 लिटरपासून सुरुवात केली तर तासाभरात दीड ते तीन लिटर आटतं. हे आचेवर आणि पातेल्याच्या तोंडावर ठरतं, म्हणून माप भरायला उकळून गार केलेलं पाणी बाजूला ठेवायचं. हॉप्स दोनदा घालायचे : 15 ग्रॅम पूर्ण 60 मिनिटं उकळायचे, 10 ग्रॅम शेवटच्या 10 मिनिटांसाठी. कडूपणा अल्फा आम्लांचं रूप बदलून येतो आणि त्याला वेळ लागतो. सुगंधी तेलं मात्र उकळीत उडून जातात. एकाच वेळी दोन्ही साधत नाही.

यानंतर तुम्ही पानभर आडवी लाल रेघ ओढलीत आणि लिहिलंत, ‘इथून वर स्वच्छ, इथून खाली निर्जंतुक.’ आमच्या अख्ख्या टिपणात ही रेघ नव्हती. आम्ही पहिल्या पानापासून ‘सगळं निर्जंतुक करा’ असं दटावत होतो. त्यामुळे नवखा उकळायचं पातेलं तीनदा धुऊन दमायचा आणि नेमका गार झालेल्या वॉर्टमध्ये, म्हणजे उकळलेल्या गोड माल्टच्या पाण्यात, नुसता विसळलेला डाव घालायचा. उकळणाऱ्या वॉर्टला घाणेरडा डाव मारू शकत नाही. गार वॉर्टला धुतलेला डावही मारू शकतो, कारण तिथे साखर आहे, ऊब आहे आणि यीस्ट अजून जागं झालेलं नाही.

स्वच्छ आणि निर्जंतुक या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत हेही आता ठळक लिहिलं आहे. चिकटलेल्या घाणीखाली कुठलंही द्रावण पोचत नाही, म्हणून आधी घासायचं, मग निर्जंतुक करायचं. प्लास्टिकचं भांडं काथ्यानं घासू नये, ओरखड्यांत जंतू दडून बसतात. तोटी असेल तर पूर्ण सुटी करायची. सगळं निर्मळ असूनही बिअर आंबट होते तेव्हा पहिला संशय तोटीच्या आट्यांवर घ्यावा. फॉस्फरिक आम्लावर आधारलेलं, धुवावं न लागणारं द्रावण डब्यावर दिलेल्या प्रमाणात बनवायचं आणि सांगितलेला वेळ पृष्ठभाग ओला ठेवायचा. मागे राहणाऱ्या फेसाला घाबरून नळाच्या पाण्यानं विसळलं की केलेलं सगळं वाया.

‘क्लोरिनचं ब्लीच नको’ याच्यापुढे तुम्ही दोन ‘का?’ लिहिले होतेत. उत्तर असं : क्लोरिन आणि बिअरमधली फिनॉल संयुगं एकत्र आली की क्लोरोफिनॉल बनतं आणि बिअरला जखमेच्या पट्टीसारखा, दवाखान्यासारखा वास येतो. तो अत्यल्प मात्रेतही नाकाला कळतो. नळाच्या पाण्यातून हाच दोष येऊ शकतो. क्लोरिन उकळून निघून जातं, त्याचं टिकाऊ रूप क्लोरामिन सहजी जात नाही. त्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची चिमूट पुरते.

वॉर्ट गार करणं हे रेघेखालचं पहिलं काम. पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून, बाहेरचं पाणी बदलत, अर्ध्या-पाऊण तासात 20 अंशांच्या खाली आणायचं. आम्ही ‘कोमट झाल्यावर यीस्ट घाला’ लिहिलं होतं. तुम्ही ‘कोमट म्हणजे किती?’ असं विचारलंत आणि आमची पंचाईत झाली. आता 18 अंश असा आकडा आहे.

मग हालवणं. ‘आता जोरात हालवा आणि नंतर अजिबात हालवू नका’ या आमच्या वाक्याला तुम्ही ‘आधी का, मग नंतर का नको?’ असं विचारलंत. हा टिपणातला सर्वांत चांगला प्रश्न म्हणावा लागेल. नवं यीस्ट वाढताना पेशींच्या आवरणासाठी स्टेरॉल बनवतं, त्याला प्राणवायू लागतो. गार वॉर्ट पाच मिनिटं चांगलं घुसळलं की ती गरज भागते. आंबवण एकदा सुरू झालं की हाच प्राणवायू बिअरला शिळी करतो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी चव आणतो. यीस्ट घालायच्या आधी नमुना काढून हायड्रोमीटरनं घनता नोंदवायची. बहुतेक हायड्रोमीटर 20 अंशांसाठी आखलेले असतात, गरम वॉर्टमध्ये वाचलेला आकडा कमी येतो.

एक मतभेद मात्र उरला. कोरडं यीस्ट आधी कोमट पाण्यात भिजवावं असं तुमचं मत. त्यानं जास्त पेशी जगतात, कबूल. पण नवख्यासाठी ते आणखी एक भांडं, आणखी एक तापमान आणि रेघेखालची आणखी एक चूक आहे. पुष्कळ यीस्ट बनवणारेही आता थेट भुरभुरायला हरकत घेत नाहीत. म्हणून आम्ही भुरभुरणं ठेवलंय. रागावू नका.

तापमानाच्या भागावर तुम्ही सर्वांत जास्त शाई खर्च केलीत आणि ते बरोबरच होतं. एल यीस्टला 18 ते 20 अंश हवेत, पण ते बिअरच्या पोटातलं तापमान, खोलीचं नव्हे. आंबताना उष्णता निघते, त्यामुळे पहिल्या दोन-तीन दिवसांत भांड्यातलं तापमान खोलीपेक्षा 2 ते 5 अंश वर जातं. खोली 24 अंशांवर असेल तर आत 28 होतील आणि बिअरला केळ्याचा किंवा रंगाच्या थिनरसारखा वास मारेल. उष्णतेत यीस्ट बनवतं ती ही संयुगं कितीही मुरवलं तरी सहसा जात नाहीत. उपाय साधा आहे : भांडं पाण्याच्या टबात ठेवायचं, वरून ओला कपडा गुंडाळायचा, आणि गोठवलेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलायच्या. पहिले चार दिवस राखले की निम्मी लढाई झाली. ज्यांना हे जमणारच नाही, त्यांच्यासाठी तुम्ही सुचवलेलं नॉर्वेच्या शेतघरांतलं क्वाइक यीस्ट आता टिपणात आहे. ते 30 अंशांच्या वरही नीट काम करतं. गरम खोलीत साधं एल यीस्ट रेटण्यापेक्षा ते शंभरदा बरं.

गंमत म्हणजे 1516 सालच्या बव्हेरियाच्या शुद्धता नियमात पाणी, जव आणि हॉप्स एवढंच होतं. यीस्ट नव्हतंच, कारण ते काय असतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं. आमचं जुनं टिपणही थोडं त्याच वळणाचं होतं : हॉप्सवर दीड पान आणि यीस्टवर तीन ओळी.

एअरलॉकच्या, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या झडपेच्या, बुडबुड्यांवरून आंबवण ओळखायचं, हे आमचं पूर्ण वाक्य तुम्ही खोडलंत, आणि खोडायलाच हवं होतं. झाकण जरा सैल असलं तर वायू तिथून निघतो आणि एअरलॉक गप्प बसतो. उलट आंबवण संपल्यावरही खोली तापली की बुडबुडे येतात. भांड्याच्या कडेला फेसाचं तपकिरी कडं दिसलं म्हणजे काम सुरू झालं किंवा होऊन गेलं. सुरुवातीचे 24 तास शांततेत गेले तरी झाकण उघडून डोकावू नये. चौदा दिवस थांबायचं, मग तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा घनता मोजायची. आकडा तोच आला तरच संपलं समजायचं. घाई केली तर हिरव्या सफरचंदाचा किंवा लोण्याचा वास उरतो. तो निस्तरणारं यीस्टच असतं आणि त्याला आणखी काही दिवस हवे असतात. ‘दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या’ ही पायरी आम्ही काढून टाकली, कारण तुमच्या ‘का?’ला आमच्याकडे उत्तरच नव्हतं. त्या ओतण्यात साका थोडा कमी होतो आणि हवा भरपूर मिसळते.

शेवटचा ‘का?’ तुम्ही चौकटीत लिहिला होतात, आणि याबद्दल आभार वेगळे मानायला हवेत. ‘प्रत्येक बाटलीत चमचाभर साखर’ असं आम्ही लिहिलं होतं. चमचा लहान की मोठा, सपाट की शिगोशीग? याच वाक्यानं बाटल्या फुटतात. आता हिशोब असा आहे : 20 अंशांवर आंबलेल्या बिअरमध्ये थोडा कार्बन डायऑक्साइड आधीच विरघळलेला असतो. नेहमीच्या फसफशीसाठी त्यावर लिटरमागे साधारण 6 ग्रॅम साखर पुरते. तळाचा गाळ सोडून 9 लिटर हाती येतात, म्हणून 54 ग्रॅम, काट्यावर तोलून. ती कपभर पाण्यात उकळून, गार करून रिकाम्या भांड्यात आधी ओतायची. मग बिअर सायफननं, नळीचं टोक तळाशी ठेवून, खळखळाट न करता त्यावर सोडायची.

साखर मोजली तरी धोका उरतो, जर आंबवण अपुरं असेल. घनतेचा एकेक अंक, म्हणजे 0.001, आंबला की बिअरच्या आकारमानाच्या साधारण निम्मा वायू तयार होतो. 1.011वर थांबणारी बिअर कुणी 1.016ला भरली, तर ठरल्यापेक्षा बिअरच्या आकारमानाच्या अडीच पट वायू जास्त, म्हणजे दुप्पट फसफस. काच ते सोसेलच असं नाही. म्हणून बाटल्या फसफसणाऱ्या पेयांसाठीच बनवलेल्या असाव्यात आणि वर अडीच सेंटिमीटर जागा सोडावी. एक प्लास्टिकची बाटलीही भरावी : ती दाबून बघितली की आतला दाब कळतो. ती दगडासारखी टणक झाली की बाकीच्या थंड करायच्या. काचेचा रंग तपकिरी हवा, कारण उजेडानं हॉप्समधल्या संयुगांना उग्र वास येतो आणि हिरवी किंवा पारदर्शक काच तो उजेड अडवत नाही. 20 अंशांच्या आसपास दोन आठवडे, मग दोन दिवस गारव्यात. ओतताना तळाचा साका बाटलीतच ठेवायचा.

पहिल्या पानावर तुमच्या सांगण्यावरून एक ओळ वाढवली आहे : आपण राहतो तिथे घरी बिअर बनवायला कायदा परवानगी देतो का, हे पातेलं खरेदी करायच्या आधी पाहावं. तिच्यापुढे मात्र तुम्ही ‘का?’ लिहिलं नव्हतंत.

सुधारलेली प्रत सोबत पाठवत आहोत. या खेपेला समास दोन बोटं जास्त रुंद ठेवला आहे.

कळावे, लोभ असावा.

आपले,
टिपण लिहिणारे आम्ही सगळे