रक्तकर्करोगाच्या वॉर्डात रुजू होणाऱ्या मुलास

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

रक्ताच्या कर्करोगाच्या वॉर्डात तुझी नेमणूक झाल्याचे कळले. रुग्णाच्या उशाशी तू असशील आणि त्याच्या रक्ताची बाटली माझ्यासारख्या कोणा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाच्या हाती येईल. प्रयोगशाळेत बसून मला जे उमगले, ते तिथे तुझ्या उपयोगी पडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

केमोथेरपीनंतर न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्ताच्या मायक्रोलिटरमागे 500 च्या खाली गेल्या की संसर्गाची नेहमीची लक्षणे दिसेनाशी होतात, कारण सूज आणि पू ही बहुतांशी त्या पेशींचीच कामगिरी असते. अशा वेळी न्यूमोनिया असूनही छातीचा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीच्या) जागी जेमतेम लाली दिसते आणि गुदद्वाराजवळच्या संसर्गात पू न धरता नुसती वेदना होते. ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्तकर्करोगाच्या, रुग्णांमध्ये या पेशी जितक्या कमी आणि जितके अधिक दिवस कमी, तितका संसर्गाचा धोका अधिक, हे संशोधक जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 मध्ये दाखवून दिले. त्यामुळे एकदाच 38.3 अंश सेल्सिअस किंवा तासभर टिकलेला 38 अंश ताप हा बहुधा तुझ्या हाती येणारा एकमेव पुरावा असेल. स्टिरॉइड घेणाऱ्या किंवा फार वृद्ध रुग्णाला कधी तोही येत नाही. त्याचे बोलणे असंबद्ध होते, श्वास वाढतो किंवा रक्तदाब उतरू लागतो. परिचारिका जेव्हा "आज हे नेहमीसारखे वाटत नाहीत" असे म्हणेल, तेव्हा ती तापाइतकीच गंभीर सूचना मान. रुग्णाचे तोंड, त्वचेच्या घड्या, लाइनची जागा आणि गुदद्वाराभोवतालचा भाग रोज डोळ्यांनी पाहा, परंतु बोट घालून गुदद्वाराची तपासणी करू नकोस.

ताप दिसताच अँटिबायोटिक देण्यापूर्वी ब्लड कल्चरचे (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचे) दोन संच घे, एक लाइनमधून आणि एक हाताच्या शिरेतून, आणि प्रौढ रुग्णाच्या प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिलिलिटर रक्त भर. हे मी आग्रहाने लिहिते, कारण कित्येक रुग्णांच्या रक्तात मिलिलिटरमागे एखादाच जंतू असतो, आणि अर्धवट भरलेल्या बाटलीतून आलेला "वाढ नाही" हा अहवाल वाचणाऱ्याला खोटा दिलासा देतो. दोन्ही ठिकाणचे रक्त सारखेच घेतलेले असताना लाइनमधली बाटली शिरेतल्या बाटलीपेक्षा दोन तास किंवा अधिक आधी पॉझिटिव्ह आली, तर संसर्गाचे मूळ लाइनमध्ये असण्याची शक्यता बळावते. मात्र शीर सापडत नाही म्हणून औषध अडवून ठेवू नकोस. स्यूडोमोनास या घातक जंतूवर लागू पडणारा अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभरात शिरेतून गेलाच पाहिजे, कारण न्यूट्रोफिल नसलेल्या शरीरात हा जंतू अहवालाची वाट पाहण्याइतका अवधी देत नाही.

माझी खरी काळजी पहिल्या डोसानंतरच्या दिवसांची आहे. औषध सुरू झाले की निदान झाल्यासारखे सर्वांना वाटू लागते, वास्तविक तोवर आपण केवळ अंदाजावर उपचार करीत असतो. ताप चार-पाच दिवसांनंतरही उतरला नाही, तर अँटिबायोटिकवर अँटिबायोटिक चढवण्याऐवजी बुरशीचा शोध घे. छातीचा सीटी लवकर करून घे आणि अ‍ॅस्परजिलस या बुरशीसाठी गॅलॅक्टोमॅनन (तिच्या भिंतीतला घटक शोधणारी) तपासणी पाठव. पण म्यूकर ही बुरशी त्या तपासणीत सापडत नाही आणि व्होरिकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाला दादही देत नाही, हे ध्यानात असू दे. चेहरा दुखत असेल, डोळ्याभोवती सूज असेल किंवा टाळूवर काळा चट्टा दिसला, तर त्याच दिवशी नाक-घशाच्या सर्जनला बोलाव, ऊतींचा नमुना मिळव आणि अ‍ॅम्फोटेरिसिन हे बुरशीविरोधी औषध सुरू कर.

कँडिडा या बुरशीच्या बाबतीत अहवाल कोणत्या नमुन्याचा आहे ते आधी वाच. थुंकीतली कँडिडा न्यूमोनिया क्वचितच करते. रक्तात मात्र ती एकाच बाटलीत सापडली तरी दूषित नमुना म्हणून बाजूला सारायची नसते. आणि खोलवरच्या कँडिडा संसर्गात ब्लड कल्चर सुमारे निम्म्या वेळा निगेटिव्ह येते, तेव्हा त्या एका अहवालावर विसंबून शंका सोडू नकोस.

दोन-तीन दिवसांत जंतूचे नाव आणि तो कोणत्या औषधांना दाद देतो हे कळले की अनावश्यक औषध थांबवण्याचे धैर्यही तुझ्याकडे असले पाहिजे. दुसऱ्या तज्ज्ञाने सुरू केलेले औषध बंद करताना संकोच वाटतो, हे मी जाणून आहे. तरीही गरज संपल्यावर चालू ठेवलेला कार्बापेनेम गटाचा प्रभावी अँटिबायोटिक त्याच रुग्णाच्या आतड्यात पुढच्या संसर्गासाठी प्रतिरोधक जंतू निवडून ठेवतो.

नमुन्याच्या फॉर्मवर केवळ "ताप" लिहून पाठवू नकोस. न्यूट्रोफिलची संख्या, चालू औषधे आणि तुझी शंका लिही. म्यूकरची शंका कळली, तर प्रयोगशाळेतला माणूस ऊती कुटत नाही, बारीक तुकडे करून लावतो, कारण कुटल्याने ती बुरशी मरते आणि कल्चर निगेटिव्ह येते. रुजू होताच गेल्या वर्षाचा अँटिबायोग्राम (कोणता जंतू कोणत्या औषधाला किती दाद देतो याचा तक्ता) मागून घे आणि तुझ्या वॉर्डातले क्लेब्सिएला व स्यूडोमोनास हे जंतू कोणत्या औषधांना दाद देतात ते पाहून ठेव. रात्री पहिला डोस निवडताना तुला त्याचीच गरज पडेल.

तुझी,
आई