मुक्तास, ईशूच्या आठवीबद्दल

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

काल तू "आई, इथली पद्धत तुला नाही कळायची" म्हणालीस आणि फोन ठेवलास. मी रागावलेली नाही. पण जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा तो लॅक्रोस, त्याच्या क्लबला ईशूसाठी रविवारपर्यंत होकार कळवायचा आहे म्हणालीस, आणि फोनवर आपलं बोलणं नेहमी तिसऱ्याच गोष्टीवर जातं, म्हणून लिहिते. समीररावांनाही वाचायला दे.

पद्धत मला थोडीफार कळते. मागच्या उन्हाळ्यात अमेरिकेत तुमच्याकडे होते तेव्हा सीडर लेन पार्कच्या मैदानाकडेला बसून ईशूनेच समजावली होती. मोठ्या क्लबांचे संघ बहुधा वयावर ठरत नाहीत, मुलाची बारावी कुठल्या साली होणार त्यावर ठरतात. ईशू 2030 चा. आता हा क्लब म्हणतो, खासगी शाळेत घाला, आठवी पुन्हा करू दे, 2031 च्या संघात घेतो. म्हणजे अकरावीच्या 1 सप्टेंबरला कॉलेजचे प्रशिक्षक मुलांशी बोलायला मोकळे होतील तेव्हा त्याच्या अंगात वर्षभराची जास्त ताकद असेल. 2017 पर्यंत तर आठवी-नववीच्या पोरांनाच कॉलेजं तोंडी शब्द देऊन टाकायची, त्यामानाने आता बरं आहे, हेही कळलं.

सगळं नियमात आहे. कोणी दाखला बदलत नाही, कोणी खोटं बोलत नाही. मला धास्ती वाटते ती त्याचीच. आपल्याकडे वय चोरलं तर ती चोरी असते. क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतं. पकडणारा कोणीतरी असतो. इथे पकडण्यासारखं काही नाही, त्यामुळे ईशूने उद्या एखाद्या पोराकडून चेंडू काढून घेतला, तर तो हाताच्या कसबाने काढला की जास्तीच्या वर्षाने, हे त्याचं त्यालाच विचारत बसावं लागेल. तो विचारणारा मुलगा आहे. तुझ्यासारखाच.

स्पर्धेला माझा विरोध आहे असं समजू नकोस. आयुष्यभर मुलींना खो-खो शिकवला, जिंकण्यासाठीच शिकवला. तुला तर इतर मुलींपेक्षा जास्त पळवलं, कारण तू माझी मुलगी होतीस. किशोरी गटाच्या जिल्हा सामन्यात समोरच्या संघातल्या तिघी उघड उघड दहावीच्या होत्या, आठवतं ना? खांबापाशी तुला घेरलं आणि तू दोघींच्या मधून निसटलीस. तुझी पळती 2 मिनिटं 40 सेकंदांची झाली. माझ्या जुन्या वहीत ती अजून आहे. हरलो. एसटीत तू खिडकीकडे तोंड करून बसलीस आणि कराड आलं तरी बोलली नाहीस. मग एकच विचारलंस, "त्या मुलींना जिंकून बरं वाटत असेल का गं?" मला उत्तर देता आलं नव्हतं. आज तुझा मुलगा त्या मुलींच्या जागी उभा राहणार, हे मनातून जात नाही.

हे जरा कठोर झालं. त्या मुलींनी दाखले बदलले होते, तुम्ही तसलं काही करत नाही, मला माहीत आहे. राग मानू नकोस.

आणि आपण फार सोवळे आहोत असंही मी म्हणत नाही. तुझ्या बाबांचा वाढदिवस 1 जूनला का येतो? गुरुजींनी शाळेत घालताना वय बसवलं म्हणून. त्यांच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचा वाढदिवस त्याच दिवशी. पण त्यात कोणाची जागा गेली नाही. 2031 च्या संघात ईशू आला की त्या वर्षाचा कोणीतरी बारका, वेळेवर आठवीत आलेला मुलगा बाहेर बसणार. त्याची आई तुझ्यासारखीच गाडी चालवत त्याला सरावाला आणत असेल.

शिष्यवृत्तीचं समीरराव म्हणाले. कित्येक वर्षं डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेजांच्या सगळ्यात वरच्या गटातल्या, पुरुषांच्या एका अख्ख्या संघाला मिळून 12.6 शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि संघात मुलं चाळीसहून जास्त. म्हणजे बहुतेकांच्या वाट्याला तुकडाच. हार्वर्ड-येलसारख्या विद्यापीठांची आयव्ही लीग तर खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाही. आता नियम बदललेत, तरी खासगी शाळेची एका वर्षाची फी त्या आशेवर भरायची का, हा हिशोब तुम्ही दोघं शांतपणे करा. पैशाचं मी जास्त बोलत नाही, तो तुमचा आहे.

तो दुसरा क्लब, ज्याला तू "ठीकठाक" म्हणतेस, त्याचे दोन सामने मी बघितले होते. दोन्ही हरले. पण त्यांचा सराव मोठ्या क्लबपेक्षा कडक होता. जमिनीवरचा चेंडू उचलताना गुडघे वाकले नाहीत की त्यांचे प्रशिक्षक पुन्हा करायला लावत, पुन्हा, पुन्हा. मुलांना घाम फुटला होता. आणि हरत असतानाही शेवटच्या पाच मिनिटांत त्यांनी बाकावरच्या दोघांना उतरवलं. मोठ्या क्लबच्या सामन्यात कडेला बसलेली चार मुलं शेवटपर्यंत हेल्मेट घालून तशीच बसून होती. पाणी प्यायला एकाने हेल्मेट काढलं तर त्याला मिसरूड फुटलेलं. त्याच्या शेजारी समोरच्या संघातलं पोर खांद्याएवढं. मी प्रशिक्षकाला जोखते ते चुकलेल्या मुलाशी तो पुढच्या मिनिटाला कसा वागतो त्यावरून. तू ते विचारलंस का कोणाला? बाहेरगावच्या स्पर्धेला ऐनवेळी परकी मुलं आणून आपल्या मुलांना बसवतात का, तेही विचार. खेळताना डोक्याला मार लागला तर पुन्हा मैदानात कधी सोडायचं हे कोण ठरवतं, तेही. झालं, पुन्हा शाळेतल्यासारखं सांगायला लागले.

ईशूला या खेळाचं किती वेड आहे ते मी पाहिलंय. शाळेच्या मागच्या भिंतीवर संध्याकाळभर चेंडू मारत राहायचा, उजव्या हाताने झालं की डाव्याने. होडेनोशोनी या तिथल्या मूळ रहिवाशांचा हा खेळ, आजाऱ्याला बरं वाटावं म्हणूनही ते तो खेळतात, निर्मात्याला आवडतो म्हणतात, हे त्यानेच मला सांगितलं, डोळे मोठे करून. 2028 ला लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्ये लॅक्रोस परत येतोय म्हणून कॅलेंडरवर खूण करून ठेवलीय. असा मुलगा कुठल्याही संघात वाढेल गं. चांगल्या मार्कांनी पास झालेल्या पोराला त्याच इयत्तेत परत बसवायचं, त्याचे मित्र पुढे गेलेले, आणि त्याने ते आनंदाने मानायचं, हेच मला गिळवत नाही.

बघ, पुन्हा तिथेच आले.

निर्णय तुमचाच. फक्त रविवारच्या आधी त्याला एकट्याला विचारा, क्लबच्या माणसासमोर नको. आणि तो स्वतःच आठवी पुन्हा करायला तयार झाला, तर लगेच मला फोनवर देऊ नका. मी काहीतरी बोलून जाईन आणि ते त्याच्या मनात राहील. आठवड्याभराने बोलेन त्याच्याशी.

तुझी,
आई