काका, तो एक ‘हे’ तुम्ही घातलात

ख्रिस्तामध्ये सलाम, काका.

दृढीकरणाच्या दिवशी, म्हणजे बाप्तिस्म्याचा विश्वास मुलं चर्चमध्ये स्वतःच्या तोंडाने कबूल करतात त्या विधीच्या दिवशी, तुमच्याशी धड बोलताच आलं नाही. बिशपसाहेबांबरोबर फोटो, मग केक, पाहुण्यांचा चहा, आणि तेवढ्यात तुम्ही पायपेटी झाकून घरी निघूनसुद्धा गेला होतात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

दृढीकरणाच्या वर्गातल्या मुलांनी जॉन अर्नेस्ट बोड यांचं ‘ओ जीझस, आय हॅव प्रॉमिस्ड’ हे इंग्रजी गीत निवडलं होतं. बोड हे इंग्लंडमधल्या एका खेड्यातले पाळक. १८६० च्या दशकात त्यांनी ते आपल्याच मुलांच्या दृढीकरणासाठी लिहिलं, हे तुम्ही सांगेपर्यंत आम्हांला ठाऊक नव्हतं. चालीवरून मात्र कुरबुर झाली. मोठ्यांना बॅझिल हारवूड यांची १८९८ ची ‘थॉर्नबरी’ हवी होती, मुलांना जेफ्री बोमाँट यांची ‘हॅथरॉप कॅसल’. बोमाँटही पाळकच, पण विसाव्या शतकाच्या मध्यावर चर्चच्या संगीतात हलक्याफुलक्या गाण्यांची लय आणणारे. तुम्ही कोणाशी वाद घातला नाहीत. दोन्ही चाली लागोपाठ वाजवल्यात आणि गप्प बसलात. शब्द तेच, पण थॉर्नबरीत ते भर सभेत घेतलेल्या शपथेसारखे वाटले आणि दुसऱ्या चालीत सोबत्याशी चालता चालता बोलल्यासारखे. पंधरा वर्षांच्या मुलांच्या तोंडी हे दुसरंच शोभतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

कीबोर्ड दुरुस्तीच्या दुकानातून वेळेवर परत आलाच नाही. तुम्ही सामानाच्या खोलीतून पायपेटी बाहेर काढलीत. तिचा एक स्वर बोट उचललं तरी वाजतच राहायचा. झाकण काढून, झडपेखाली अडकलेला कचरा तुम्ही रंगकामाच्या बारीक ब्रशने काढलात, तेव्हा माझी लेक टॉर्च धरून उभी होती. घरी आल्यावर तिने त्या झडपेचं चित्र काढून मला दाखवलं.

पण खरे आभार मानायचेत ते मराठी कडव्याचे. आज्यांना समजावं म्हणून मुलांनी एक कडवं मराठीत केलं. अर्थ छान होता, पण गाताना अडखळायचं. तुम्ही पेन्सिल घेतलीत आणि कागदाच्या कडेला लिहिलंत: ७, ६, ७, ६, आणि पुन्हा तेच. एका ओळीत सात अक्षरं, पुढच्या ओळीत सहा. याच मापाची दुसरी चाल आणली तरी हे शब्द तिच्यावर बसतील, हेही तेव्हाच कळलं. मुलांनी अक्षरं मोजली, तर ती बरोबर होती! मग अडतंय कुठे? तुम्ही म्हणालात, “पहिलं अक्षर हलकं, जोर दुसऱ्यावर येतो. तुमचं ‘येशू’ ओळीच्या तोंडाशीच आहे, त्यामुळे जोर ‘शू’वर पडतोय.” आणि ओळीच्या आधी ‘हे’ लिहून, शेवटचं ‘ही’ खोडलंत. अक्षरं सातच राहिली. जोर ‘ये’वर आला आणि प्रभूचं नाव आपण घरी हाक मारतो तसं ऐकू आलं. मुलं एकमेकांकडे बघून हसली.

त्यानंतर लांबवलेल्या स्वराखाली ऱ्हस्व अक्षर आलं, की तीच एकमेकांना थांबवू लागली.

बिशपसाहेबांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा तुम्ही त्याच गीताची चाल अगदी हळू वाजवत होता, शब्दांशिवाय. माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाई ते मराठी कडवं ओठांतल्या ओठांत म्हणत होत्या. इंग्रजी गीतांना त्या आजवर नुसत्या उभ्या राहत.

तुमच्या पेन्सिलीचा कागद लेकीने बायबलमध्ये ठेवलाय. पुढच्या वर्गातल्या दोन मुली तो मागायला आल्या होत्या. तिने दिला नाही, झेरॉक्स काढून दिली. त्यांना दुसरं कडवं करायचंय. रविवारी उपासनेनंतर थोडं थांबाल का, काका?

तुमची,
त्या वर्गातल्या एका मुलीची आई