आत्यांजवळ बसलेल्या ताईंना

प्रिय ताई,

जाहीर पत्र तुम्हाला आवडायचं नाही, म्हणून नाव घालत नाही. साताऱ्यात वाचनालयाची पायरी चढणाऱ्या बायका बरोबर ओळखतील.

तुमच्याकडे येण्याआधीपासून मी दुसऱ्या एका वाचक गटात होते. सासूबाईंचं, म्हणजे आत्यांचं, खुब्याचं हाड मोडलं, माझं जाणं थांबलं, आणि त्या गटानं मला व्हॉट्सॲप ग्रुपमधून सरळ काढून टाकलं. घरी काय झालंय, एका शब्दानं विचारलं नाही. हीच मंडळी 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन म्हणून हारतुरे घेतात! तिथं एकदा मी बेबीताई कांबळे यांचं नाव सुचवलं, तर एक गृहस्थ म्हणाले, "महिलांसाठी जरा हलकंफुलकं घेऊ." अहो, बेबीताई फलटणच्या, आपल्याच जिल्ह्यातल्या ना? किराणा दुकान सांभाळत, घरच्यांपासून वह्या लपवत त्या बाईनं लिहिलं, ते 'जिणं आमुचं' 1986 साली पुस्तक होऊन आलं. आणि यांना हलकंफुलकं हवं.

तुमच्या दुपारच्या गटात तर मी जेमतेम ओळखीची. तरी पुस्तक बदलायला आले नाही हे तुमच्या ध्यानात आलं आणि तुम्ही लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घेऊन घरी आलात. पुस्तक घरपोच मिळणं हेच मला पुष्कळ होतं. पण तुम्ही चपला काढल्यात, खुर्ची पलंगाशी ओढलीत आणि म्हणालात, "तुम्ही आतल्या खोलीत जाऊन वाचा. आत्यांजवळ मी बसते."

ताई, तोवर लोक आले ते सफरचंदं घेऊन आले, चहा पिऊन गेले. चहाही मीच केला. 'स्वतःची काळजी घे हं' म्हणणारे तर पोत्यानं मिळतात. माझ्या जागेवर येऊन बसणारं कुणी नव्हतं. सख्ख्या नणंदेलाही ते सुचलं नाही. (ती हे वाचेल. वाचू दे.)

आत गेले तरी सुरुवातीला अक्षर लागेना. सगळा कान बाहेर. आत्या हाक मारतील, भांडं मागतील. मग हळूहळू लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडात शिरले आणि एकटीच हसले. किती दिवसांनी! तेवढ्यात बाहेरूनही हसणं ऐकू आलं. तुम्ही आत्यांना जात्यावरच्या ओव्या विचारत होतात, आणि त्या चक्क म्हणत होत्या. इतकी वर्षं या घरात आहे, मी कधी विचारल्या नव्हत्या. निघताना तुम्ही त्यांना सांगितलंत, "तुम्ही म्हणता त्या ओव्यांवर सांगलीच्या ताराबाई भवाळकरांनी आयुष्यभर अभ्यास केलाय. 2025 साली दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या त्या." आत्यांना दिल्ली तेवढी कळली. पण त्या संध्याकाळी भाकरी बिनतक्रार खाल्ली.

नंतरही तुम्ही येत राहिलात, दर वेळी पिशवीत एखादं बाईनं लिहिलेलं पुस्तक. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' दिलंत तेव्हा 1975 च्या कराडच्या संमेलनात त्या आणीबाणीविरुद्ध कशा उभ्या राहिल्या ते तुम्ही आत्यांच्या पायांना तेल लावता लावता सांगितलंत. माणुसकीवर भाषण देणाऱ्यांनी एकदा तुमचे ते तेलकट हात बघावेत. वाचनालयातला तुटपुंजा पगार, घरची कामं, त्यातून हा वेळ तुम्ही कुठून काढलात, ते मी विचारलं नाही. तुम्हीही कधी बोलून दाखवलं नाही.

आता आत्या वॉकर धरून मोरीपर्यंत जातात. 'पुस्तकवाली कधी येणार' म्हणून माझा जीव खातात. पुढच्या बैठकीला जाऊबाई घरी थांबणार आहेत, म्हणजे मी नक्की येतेय. इरावती कर्वेंचं 'युगान्त' वाचून झालंय, आणि गांधारीवरून मला तुमच्याशी भांडायचंय.

तुमची,
शाहूपुरीतली एक वाचक