विल्बरी हाउसचे विस्मृत रहिवासी

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

पेशवे दरबारातील ब्रिटिश रेसिडेंट (म्हणजे इंग्रजांचे वकील) चार्ल्स मॅलेट मायदेशी परतल्यावर इंग्लंडच्या विल्टशायरमधील विल्बरी हाउस या वाड्याचे धनी झाले, हे आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. धन्यांची वंशावळ सहज सापडते. तेथे राबणाऱ्यांचा माग मात्र कष्टाने काढावा लागतो. मॅलेट १८१५ मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्या काळासाठी चर्चमधील बाप्तिस्मा-दफनाच्या नोंदवह्याच चाळाव्यात. १८४१ च्या जनगणनेत नोकरांची नावे आहेत, पण मोठ्यांची वये बहुधा पाचाच्या पटीत उतरवलेली; १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी नाते व जन्मगावही नोंदल्याने शोध दूरच्या खेड्यापर्यंत नेता येतो. इंग्लंडच्या १९३१ च्या जनगणनेच्या नोंदी मात्र १९४२ मध्ये आगीत जळाल्या (आपल्या दप्तरांना निदान वाळवी सावकाश खाते!). या घरात पुण्याहून गेलेले कोणी होते का, हे आपल्या अभ्यासकांनी तपासावे.

– एक वाचक, पुणे